नमुना थंड जागी ठेवावा

२ एप्रिल १९७४, मंगळवार. सकाळी साडेसात.
नवी वही सुरू केली. ही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. तरी शुद्धलेखन पाळणार. कोणी पाहत नाही म्हणून वेलांटी चुकवणारा माणूस पुढे औषधाच्या बाटलीवरही चूक करतो. मी मॅट्रिकला दोनदा बसलो. दोन्ही वेळा गणित आणि इंग्रजीत राहिलो, पण मराठीत एकदा चौसष्ट आणि एकदा सदुसष्ट. प्रगती दिसते.

हकीकत अशी. बा सडकेवर मैलकुली आहेत. गेल्या गुरुवारी परभणी रस्त्याला मैलाचे दगड चुन्याने रंगवत होते. आडोशाला गेले, तिथे चुना सांडलेला होता, त्यावर लघवी लाल दिसली. त्याआधी किती दिवस लाल होती कोण जाणे. काळ्या मातीत रंग कळत नाही. घरी काही बोलले नाहीत, फक्त चुन्याची बादली घरी घेऊन आले आणि परसात थोडा चुना टाकून पुन्हा पाहत राहिले. मायने विचारलं, बादली काहून आणली, तेव्हा सांगितलं.

काल डॉक्टरसाहेबांना दाखवलं. व्यंकटराव डॉक्टरांच्या दवाखान्यात मी चार वर्षं कंपाउंडर आहे. (ते मदतनीस म्हणतात. काम तेच.) त्यांनी विचारलं, दुखतं का. बा म्हणाले, न्हाई सायब, कायबी तकलीफ न्हाई. त्यावर डॉक्टरसाहेबांनी पेन खाली ठेवलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, दुखलं असतं तर मला बरं वाटलं असतं, मुतखडा म्हणालो असतो. मग त्यांनी एका रोगाचं नाव घेतलं. ते मला शुद्ध लिहिता येतं, पण या वहीत लिहिणार नाही.

त्यांनी दोन मार्ग सांगितले. पहिला, बांना औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जा. तो रोग असेल तर त्याच्या पेशी लघवीत सुटून येतात, तिथे त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुसरा, नेणं अगदीच अशक्य असेल तर नमुना पाठव. पण पेशी नाजूक असतात. उन्हाळ्यात काही तासांत नासतात.

मी दुसरा निवडला. बांना एवढ्या उन्हात गाडीत बसवणं बरं नाही. दवाखाना माझ्याशिवाय चालत नाही. शिवाय नमुना जपणं हे निगुतीचं काम आहे आणि माझ्यासारखा निगुतीचा माणूस आमच्या हट्टा गावात दुसरा नाही. मला एस.टी.त उलटी होते हा गावातला गैरसमज आहे. ती एकदाच झाली, जिंतूरला जाताना. आणि एकदा नांदेडला जाताना. आणि येताना.

३ एप्रिल, बुधवार. सकाळी सहा.
नमुना क्रमांक एक. बाटली दोनदा उकळली. लेबल लिहिलं: जळबा कोंडीबा पाईकराव, वय ५६, मुक्काम हट्टा, वेळ पहाटे ५.१०. अक्षर छापल्यासारखं आलं. झोपेतून उठल्याबरोबरचा पहिला नमुना घेतला, कारण तो रात्रभर मुरलेला असतो. हे मला कोणी सांगितलं नाही, माझं मला सुचलं.

नमुन्याचा रंग लिहीत नाही.

धर्मसिंग ट्रकवाल्याकडे दिला. तो सरकी घेऊन आठवड्यातून दोनदा औरंगाबादला जातो आणि बांना तीस वर्षं ओळखतो. म्हणाला, फिकर नको भिवाजी, अपने बाप का माल समज के लेके जाता.

माय सगळ्यांसमोर विचारते, आता क्यानसर हाय का न्हाई ते कळंल ना? (हा मायचा उच्चार जसाच्या तसा लिहिला आहे. मी तो शब्द लिहिला असं यात मोजू नये.) मी म्हणालो, आठ दिवसांत सगळं निकालात निघेल.

९ एप्रिल, मंगळवार.
औरंगाबादहून डॉक्टरसाहेबांच्या नावे कार्ड. एका ओळीचं. नमुना नासलेला, जंतूच जंतू, पेशी ओळखता येत नाहीत, पुन्हा पाठवावा.

संध्याकाळी धर्मसिंगची गाडी अड्ड्यावर उभी होती. चौकशी केली. त्याने बाटली आपल्या पगडीच्या धुतलेल्या कापडात गुंडाळून इंजिनाच्या झाकणावर ठेवली होती. गाडीत त्याहून मानाची जागा नाही, असं म्हणाला. तिथेच तो चहाची किटली ठेवतो. औरंगाबादपर्यंत चहा कढत राहतो, हे त्याने मला अभिमानाने सांगितलं.

चूक माझी नाही. मात्र यापुढे काहीच दुसऱ्यावर सोपवणार नाही. वहीच्या मागच्या पानावर नियम लिहायला घेतले. नियम एक: नमुना थंड जागी ठेवावा.

डॉक्टरसाहेब म्हणाले, भिवाजी, सरळ गाडीत बसव त्यांना. मी म्हणालो, विचार करतो. विचार केला. नको.

११ एप्रिल, गुरुवार. दुपारी.
शास्त्रीय पद्धतीने प्रयोग सुरू. बांना सारखं सारखं त्रास देणं बरं नाही, म्हणून माझ्याच लघवीच्या चार बाटल्या भरल्या. अ, खिडकीत. आ, रांजणाखालच्या ओल्या वाळूत. इ, दवाखान्याच्या फ्रीजमध्ये, डॉक्टरांच्या बाईसाहेब दुपारी झोपल्यावर. ई, मिठासह. ही चौथी मायची कल्पना. ती म्हणाली, लोणचं कशानं टिकतं मग? मी हसलो, पण मीठ घातलं.

दर दोन तासांनी पाहणी आणि वास. नोंदी वेगळ्या पानावर.

माय म्हणाली, पोरगं पंचवीस वर्षांचं झालं, लोकायची पोरं कारखान्यात लागली, हे आपलं बाटल्या हुंगून राहिलं.

१२ एप्रिल, शुक्रवार. सकाळी.
निष्कर्ष. खिडकीतली चार तासांत गढूळ, आठ तासांत डोळ्यांना झोंबली. वाळूतली रात्रीपर्यंत बरी, सकाळी संशयास्पद. मिठाची गढूळच, वर खारट वास. लोणच्याचा नियम इथे लागू नाही. फ्रीजमधली वासाला उत्तम, पण आत ढगासारखं काहीतरी. मी घाबरलो. डॉक्टरसाहेब म्हणाले, थंडीने क्षार जमतात, कोमट केलं की विरघळतात, तुला काही झालेलं नाही. मी स्वतःसाठी घाबरलो नव्हतो. थोडा घाबरलो होतो.

मग म्हणाले, हा सगळा अभ्यास तू कोणासाठी करतोयस? मी म्हणालो, बांसाठी. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कौतुक करायची त्यांची तशीच पद्धत आहे.

१४ एप्रिल, रविवार. जयंती.
सकाळी वंदना, दुपारी मिरवणूक. निळा झेंडा माझ्याकडे होता, पण नवीन प्रयोगाची (वाळू अधिक ओलं पोतं) वेळ झाली म्हणून दर दोन तासांनी घरी जावं लागलं. तिसऱ्या वेळी झेंडा दुसऱ्याकडे दिला. मंडळाच्या पोरांनी विचारलं, पोट बिघडलं का. मी म्हणालो, संशोधन. ते म्हणाले, तेच ते.

बा लेझमीच्या पथकात उतरले. दरवर्षी उतरतात. एक फेरी झाली आणि पारावर बसले. मायने पाणी दिलं. नंतर परसात गेले. परतल्यावर मी विचारलं, कसं आहे. म्हणाले, हाय तसंच हाय, तू तुजं कर.

ओल्या पोत्यात सहा तास. वास नाही. फार चांगला निकाल.

१६ एप्रिल, मंगळवार.
ठरलं. नमुना क्रमांक दोन फ्रीजमध्येच थंड करायचा. आमच्या गावात फ्रीज एकच, डॉक्टरसाहेबांचा, रॉकेलवर चालणारा. त्यात धनुर्वाताची इंजेक्शनं, आणि उरलेल्या जागेत बाईसाहेबांचा संसार.

बाईसाहेबांना, म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या सरलाबाईंना, रीतसर विचारलं. त्या कैरीच्या पन्ह्याचं पातेलं हातात घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, भिवाजी, गेल्या गुरुवारी तू यात काय ठेवलं होतंस ते मला माहीत नाही, आणि तू सांगूही नकोस. मी सांगितलं नाही. मग म्हणाल्या, जळबांसाठी आहे म्हणून हो म्हणते. वरचा बर्फाचा कप्पा तुझा. खालच्या कशालाही हात लावायचा नाही. बाटलीवर तीन कागद गुंडाळायचे. आणि माझ्या बहिणीला सांगायचं नाही, ती पुढच्या आठवड्यात येतेय.

बर्फाचा कप्पा म्हणजे फ्रीजमधली सगळ्यात थंड जागा. मी मागितली त्याहून चांगली मिळाली.

१८ एप्रिल, गुरुवार.
नमुना दोन रवाना. रंग चहासारखा होता. बाटली रात्रभर कप्प्यात होती, सकाळी दगडासारखी. आता काय बिशाद आहे जंतूंची. गारीगारवाल्या तातेरावाकडून लाकडाचा भुसा आणला, पत्र्याच्या डब्यात भुसा, भुशात बर्फ, बर्फात बाटली. डब्यावर चारी बाजूंनी लिहिलं: इंजिनापासून दूर.

धर्मसिंगने डबा मागे सरकीच्या पोत्यांत ठेवला आणि म्हणाला, इतका थंडा माल तो मंत्री को भी नहीं मिलता.

२४ एप्रिल, बुधवार.
कार्ड आलं. या वेळी मजकूर मोठा. नमुना गोठल्यामुळे पेशी फुटल्या आहेत, काहीच सांगता येत नाही. थंड ठेवा म्हणजे गोठवा असं नव्हे. सकाळचा पहिला नमुना घेऊ नये, रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी आधीच खराब होतात, दुसऱ्या वेळचा घ्यावा. त्यात लगेच तितकंच निम्म्या ताकदीचं स्पिरिट घालून थंड पाठवावा. शक्य असल्यास रुग्णालाच पाठवावे.

दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या. एक, मागच्या कार्डात ‘नासलेला’ हा शब्द होता, या कार्डात तो नाही. म्हणजे सुधारणा आहे. दोन, ‘शक्य असल्यास’ असं म्हटलं आहे. शक्य नाही.

पहिला नमुना मुरलेला असतो हा सहावा नियम खोडून तिथे लिहिलं: नमुना दुसऱ्या वेळचा घ्यावा. बाकी तेरा नियम जागच्या जागी.

घरी कार्ड वाचून दाखवलं. बांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, म्हंजी दुसऱ्यांदा बी गेला? मी म्हणालो, गेला. बराच वेळ ते माझ्याकडेच पाहत होते. मॅट्रिकचा दुसरा निकाल लागला तेव्हा असेच पाहत होते. त्या दिवशी न बोलता बाजारातून गूळ आणला होता.

आजही गूळ आणला.

२७ एप्रिल, शनिवार.
एक महिना झाला. बा कामावर जातात. सुटीचा अर्ज मीच लिहून दिला होता, त्यांनी दिला नाही. म्हणतात, घरी बसून काय करू, बाटलीत बघत बसू?

त्यांचं धोतर माय आता वेगळं धुते.

जेवताना म्हणाली, भिवा, मी येऊ का संगं औरंगाबादला? आपण तिघं बी जाऊ. मी तिला समजावलं की प्रश्न सोबतीचा नसून पद्धतीचा आहे. ती म्हणाली, व्हय, पद्धतीचाच. आणि भाकरी मोडून माझ्या ताटात टाकली. मायला शिक्षण नाही, पण पटलं की लगेच ऐकते.

३० एप्रिल, मंगळवार.
वाहतुकीचा प्रश्न सुटला. हा शोध माझा एकट्याचा आहे. ट्रकच्या पुढे छागल लटकवतात, जाड कापडाची पाण्याची पिशवी. वाऱ्याने कापड सुकत राहतं आणि आतलं पाणी गार होतं, गोठत मात्र नाही. नेमकी हवी तेवढी थंडी. मी धर्मसिंगला म्हणालो, तुझ्या छागलीत बाटली सोडतो. तो दोन पावलं मागे सरला. म्हणाला, भिवाजी, तेरे बाप के लिए जान हाजिर है, लेकिन पीने का पानी नहीं.

तेव्हा दुसरी छागल शिवायची. बांच्या खात्याच्या जुन्या तंबूचं कापड मिळालं. मायने दाभणाने दुहेरी टाके घातले. बोटाला टोचलं तरी उठली नाही. त्यावर मी रंगाने लिहिलं: पिण्यासाठी नाही. खाली हिंदीतही लिहिलं. माकोडी गावापर्यंत धर्मसिंगच्या गाडीला बांधून चाचणी घेतली. थर्मामीटर लावला. बाहेर एकशे आठ अंश फॅरनहाइट, आत चौऱ्याहत्तर.

डॉक्टरसाहेबांनी स्पिरिट मोजून दिलं. देताना म्हणाले, भिवाजी, ही शेवटची बाटली. मी म्हणालो, शेवटचीच लागणार.

२ मे, गुरुवार. सकाळी दहा.
नमुना क्रमांक तीन रवाना. तपशील लिहून ठेवतो, पुढे कोणाला उपयोग होईल. सकाळचा पहिला सोडून दिला. आठ वाजता बांना बाटली दिली. ते बाटली घेऊन परसात गेले. बराच वेळ लागला. मध्येच माय चुलीची राख टाकायला परसात गेली, ती बादली तिथेच विसरून आली. बा परतले. बाटली माझ्या हातात देताना म्हणाले, बग बरं, आता बराबर हाय का.

नमुना पाहून मीच थक्क झालो. लिंबाच्या सालीसारखा पिवळा, स्वच्छ, आरपार. पहिल्या दोन्ही वेळा रंग वाईट होता. यावरून दिसतं की वेळ योग्य निवडली तर नमुन्यात मुळातच किती फरक पडतो. नियम सहा सिद्ध झाला.

स्पिरिट समभाग. बूच, मेण, कागद, सुतळी. छागलीत पाणी. धर्मसिंगने छागल पुढे बांधली आणि नारळ फोडू का विचारलं. मी नको म्हणालो. त्याने हॉर्न वाजवला.

बा मैलाच्या दगडापाशी उभे राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहत होते.

९ मे, गुरुवार. दुपारी एक.
पास.

आज कार्ड नाही, बंद पाकीट. इंग्रजी टाइप. डॉक्टरसाहेब सेनगावकडे साखऱ्याला लग्नाला गेलेले, रविवारी येणार. मी पाकीट फोडलं. (दवाखान्याचं टपाल फोडायचा अधिकार मला आहे, असा माझा समज आहे.) डिक्शनरी घेऊन बसलो. पहिली ओळ: नमुना उत्कृष्ट स्थितीत मिळाला. ‘एक्सलंट’ हा शब्द माझ्या कोणत्याही कामाला आजवर कोणी वापरलेला नाही. तीनदा पाहिला. दुसरी ओळ: त्या रोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.

आढळल्या नाहीत.

सायकल घेतली आणि तशीच घरी. मायला सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती, बसूनच राहिली. मला वाटलं होतं, रडेल किंवा हसेल. ती म्हणाली, असं आलं व्हय. बा सडकेवरून आले. त्यांना म्हणालो, बा, पास. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला चुना होता. म्हणाले, पास झाला ना तू? झालं तर मग.

आनंदात माणूस शब्द उलटसुलट करतो. मी पास झालो असं म्हणाले.

तीच तारीख. सायंकाळी पाच.
पत्राची तिसरी ओळ आता नीट लावली. एका जातीच्या पेशी भरपूर आहेत, तो शब्द डिक्शनरीत नाही. पुढे लिहिलं आहे की नमुना स्त्रीचा दिसतो, कृपया खात्री करावी.

औरंगाबादच्या लोकांना आमच्याकडची नावं ठाऊक नसावीत. जळबा हे त्यांना बाईचं नाव वाटलं. जनाबाई, जळबाई, असा घोटाळा होऊ शकतो. रागावलो नाही. शांतपणे पत्र लिहिलं: माननीय महोदय, जळबा हे पुरुषाचे नाव असून ते माझे वडील आहेत व त्यांना मिशा आहेत. नोंदीत दुरुस्ती व्हावी. आपला विश्वासू. सोबत नमुना जपण्याच्या चौदा नियमांची प्रत जोडली. त्यांच्या उपयोगी पडेल.

पेढे वाटले. धर्मसिंगला दोन.

१२ मे, रविवार. सकाळी.
डॉक्टरसाहेब आले. पाकीट पुढे ठेवलं आणि बाजूला उभा राहिलो. ते वाचून म्हणतील, शाबास, तेव्हा काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, भिवाजी, हा नमुना कोणाचा होता? मी म्हणालो, लेबलावर आहे. ते म्हणाले, लेबल मला पाठ आहे. पण लेबलाला लघवी होत नाही. बाटली भरताना तू समोर होतास? मी म्हणालो, बांसमोर मी कसा उभा राहणार. ते म्हणाले, तिथे बसलेला माणूस नाव पाहत नाही, पेशी पाहतो. बाईच्या पेशी वेगळ्या दिसतात. आता घरी जा आणि विचार. ओरडू नकोस.

तीच तारीख. दुपारी.
विचारलं. ओरडलो नाही.

माय म्हणाली, माजंच व्हतं. मी यांना म्हनलं, नका, पोराला कळंल. ऐकतात थोडंच.

बा खाटेवर बसले होते. विडी पेटवली नाही, नुसती बोटांत फिरवली. मी म्हणालो, बा, काहून असं केलं? रिपोर्ट तुमचा हवा होता. ते म्हणाले, दुसऱ्याच्या घरी पाठवायचं ते लालभडक कसं पाठवावं? मी म्हणालो, पहिल्या दोन वेळा तर पाठवलं. ते म्हणाले, पाठवलं, आन् दोन्ही येळा तू नापास झाला. किती तकलीफ घेतली तू. बाटल्या उकळल्या, भुसा आणला, बाईसाहेबाच्या पाया पडला. (पाया पडलो नव्हतो.) मॅट्रिकला दोनदा बसला तवा मला कायबी करता आलं न्हाई, मला लिवताच येत न्हाई. हे मातर माज्या हातात व्हतं. म्हनलं, तिसऱ्या खेपी पोरगं पास व्हऊ दे.

मी म्हणालो, ही माझी परीक्षा नव्हती, बा. ते म्हणाले, मग कुणाची व्हती?

यावर चौदा नियमांत काही नाही.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला डॉक्टरसाहेब म्हणाले होते, औरंगाबादला घेऊन जा. आज बारा मे. सहा आठवडे मी बाटली थंड ठेवली, आणि बा उन्हात दगड रंगवत होते.

उद्या पहाटेची परभणी गाडी. माय भाकरी बांधून राहिली आहे.

१३ मे, सोमवार. जालना अड्डा.
उलटी. परभणीच्या अलीकडे एक, मानवत रोडला एक, मंठ्याला दोन. बा शाबूत. त्यांनी माझं कपाळ धरलं, खिडकीतून पाठ चोळली, दुसरं धोतर ओलं करून माझ्या मानेवर टाकलं. कंडक्टरने विचारलं, मामा, पेशंट घेऊन निघालात का? बा म्हणाले, व्हय, पोरगं हाय माजं. नाजूक हाय. उन्हात लवकर नासतं.

माय तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर पाहत होती. हसत होती. महिनाभरात पहिल्यांदा.

१४ मे, मंगळवार. औरंगाबाद.
नमुना क्रमांक चार. सगळं मिळून पाच मिनिटं. तपासणीच्या खोलीतल्या नीलाबाई नावाच्या बाईंनी बांच्या हातात बाटली दिली, पडद्याकडे बोट दाखवलं. बा गेले, आले. रंग लाल. बाईंनी तोंड वाकडं केलं नाही. बांनी दोनदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून घेतलं, मग मोकळे झाले.

मी विचारलं, बाई, हा आता कुठे ठेवणार? थंड जागी ना? त्या म्हणाल्या, ठेवायचा कशाला? आत्ताच बघायचा आहे. आणि आत गेल्या. मग दारातून डोकं काढून म्हणाल्या, हट्ट्याचे का तुम्ही? छागलीवाले? मी हो म्हणालो. म्हणाल्या, नियम वाचले आम्ही. अक्षर फार सुंदर आहे. रुग्णाला घेऊन यावे हा नियम राहिला वाटतं त्यात.

खिशात वही होती. काढली नाही.

१७ मे, शुक्रवार.
कॅन्सर आहे. (अर्धचंद्र, शुद्ध.)

काल दुर्बिणीने आतून पाहिलं. मूत्राशयात गाठ आहे, बोराएवढी. सोमवारी दुर्बिणीतूनच खरवडून काढतील. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, फार खोल गेलेली दिसत नाही, काढल्यावर नक्की कळेल, पुढे दर तीन महिन्यांनी यावं लागेल. म्हणजे दर तीन महिन्यांनी एस.टी. मी हो म्हणालो.

मग त्यांनी कागद चाळले. मार्चमध्ये रक्त दिसलं आणि मेमध्ये आलात, म्हणाले. मधले सहा आठवडे काय करत होतात?

खोलीत आम्ही तिघं. मायने खाली पाहिलं. मी तोंड उघडलं. खरं सांगणार होतो, असं आता लिहायला सोपं आहे. भुसा, बर्फ, छागल, बाहेर एकशे आठ आत चौऱ्याहत्तर, हेच जिभेवर आलं होतं.

बा माझ्याआधी बोलले. मीच येत नव्हतो, सायब. पोरगं रोज म्हनायचं, चला बा, चला बा. माजंच डोकं फिरलं व्हतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, शाबासकीची. म्हणाले, नशीबवान आहात, मुलगा काळजी घेणारा आहे. बा म्हणाले, लई.

माय बाहेर येऊन म्हणाली, रिकाम्या बाटल्या घरी आठ झाल्यात, आता रॉकेलला घेते.

नोंद एवढीच. आज डॉक्टरांपुढे बांनी दुसऱ्यांदा स्वच्छ नमुना दिला. या खेपेला लेबलावर नाव माझं होतं.